गावचे बियाणे, इथली हवा

पावसाळा लागला की आपल्या वस्तीत एक तक्रार हमखास ऐकू येते. गावाहून आणलेले बी उगवले नाही. पहिल्या वर्षी उगवले होते, वेल मांडवभर पसरला होता, शेजारीपाजारी वाटूनही उरले होते. उरलेले बी पुडीत बांधून नीट ठेवले होते. दुसऱ्या वर्षी मात्र वाफा मोकळाच. मग कुणी मातीला दोष देतो, कुणी कारखान्यांच्या धुराला, तर कुणी ज्याने पेरले त्याच्या हाताला. एखादी आजी म्हणते, इथली जमीनच आपल्या बियाला मानवत नाही.

आमचे मत थोडे वेगळे आहे. जे बी पहिल्या वर्षी याच मातीत, याच हातांनी, याच धुरात उगवले, त्याला दुसऱ्या वर्षी माती मानवेनाशी कशी होईल? बहुतेक वेळा ते बी वाफ्यात पडण्यापूर्वीच मेलेले असते. ते मरते आपल्याच घरात, फळीवरच्या पुडीत, आदल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत. हा विषय स्वयंपाकघराचा किंवा परसबागेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, असे वाटल्याने विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळ या तिघांपुढेही तो मांडत आहोत.

आधी बियाविषयी. बी म्हणजे झोपलेले रोप. त्याच्या आत कोंब असतो, कोंबाला पुरेल एवढी शिदोरी असते आणि वर टरफल असते. झोपेतही त्याचा श्वास चालू असतो, फक्त फार मंद. हवा दमट आणि उबदार झाली की श्वास वाढतो, शिदोरी सरत जाते, आतल्या नाजूक पडद्यांची झीज होते. बाहेरून बी तसेच दिसते. रंग तोच, वजन जवळजवळ तेच. म्हणून डोळ्यांनी पाहून जिवंत-मेलेले ओळखता येत नाही, आणि इथेच सगळ्यांची फसगत होते.

ही झीज किती वेगाने होते, याचे दोन ढोबळ नियम अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी गेल्या शतकात मांडले. बियातील ओलावा एक टक्क्याने कमी केला तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरवले तरी आयुष्य साधारण दुप्पट होते. ओलावा 5 ते 14 टक्के असेल तोवर पहिला नियम बऱ्यापैकी लागू पडतो. उलट दिशेने तो तितकाच निर्दय आहे. ओलावा एक टक्का वाढला की आयुष्य अर्धे.

आठवी-नववीच्या मुलांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. आपल्या देशात प्रमाणित कांदा बियाण्यात जास्तीत जास्त 8 टक्के ओलावा चालतो. हवाबंद डब्यातले असेल तर 6 टक्केच. पण बी हवेतला ओलावा शोषून घेते. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहिली तर कांद्याच्या बियातला ओलावा सुमारे 13 टक्क्यांवर जाऊन थांबतो. आठावरून तेरा, म्हणजे पाच टक्के वाढ. पाच वेळा निम्मे करा. आयुष्य बत्तिसाव्या हिश्शावर आले! नाशिककडच्या पालकांना उळे जपण्याचे महत्त्व सांगायला नको. भाजीच्या बियांत कांद्याचे बी सर्वांत अल्पायुषी समजले जाते. साध्या साठवणीत ते जेमतेम एक वर्ष धरते. टोमॅटो, वांगी, काकडी यांचे बी कोरडे राहिले तर तीन-चार वर्षे निघते. मिरची आणि भेंडी या दोहोंच्या मधली.

हॅरिंग्टन यांच्याच नावाने सांगितला जाणारा आणखी एक सोपा ठोकताळा आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात हवेच्या आर्द्रतेचा टक्का मिळवा. बेरीज शंभरच्या आत असेल तर बी सुखाने राहते. आता आपला जुलै पाहा. तापमान 28 अंश सेल्सिअस धरले तर ते 82 फॅरनहाइट होते. आर्द्रता 85 धरू. बेरीज 167. ज्या पुडीची आपण काळजी घेतली असे आपल्याला वाटत असते, ती चार महिने या हवेत उघडी असते. कागद आणि कापड यांनी दमट हवा अडत नाही. पातळ प्लॅस्टिकची पिशवीही फार काळ अडवू शकत नाही. तिला वरून गाठ मारली असेल, तर मुळीच नाही.

मग गावी कसे टिकते? हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या म्हणण्याचा गाभाही तोच आहे. आपल्यापैकी कुणी खानदेशातून आले, कुणी नाशिककडून, कुणी कोकणातून. प्रत्येकाने येताना बियाबरोबर ते ठेवण्याची पद्धतही आणली. जळगावकडे वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पावसाळा सोडला तर हवा कोरडी. तिथे भरिताच्या वांग्याचे बी फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले तरी चालते. दादरा आणि नगर हवेलीत पाऊस 2000 मिलिमीटरहून अधिक. खडोलीच्या पत्र्याच्या घरांत एप्रिल-मे मध्ये भट्टी आणि जूननंतर वाफ. फडके तेच, गाठ तीच, बीही तेच. हवा तेवढी वेगळी. पद्धत ही हवेची असते, घराण्याची नसते, हे आपण विसरलो.

इथल्या हवेत बी राखण्याचे शास्त्र आपल्या आजूबाजूच्या वारली आणि कोकणा कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. आपण त्यांच्या शेजारी इतकी वर्षे राहिलो, पण ते त्यांना क्वचितच विचारले. घोसाळी, शिराळी वेलावरच वाळवून अख्खी आढ्याला टांगायची, लागेल तेव्हा फोडायची. वाळलेल्या पोकळ भोपळ्यात बी भरून तोंड बंद करायचे. काकडी-भोपळ्याचे बी राखेत घोळून शेणात थापायचे आणि ती थापी भिंतीला चिकटवून वाळवायची. चवळी-वालात चाळलेली राख मिसळायची. आणि हे सगळे ठेवायचे कुठे? चुलीच्या वर.

चुलीच्या वरची ही जागा नीट समजून घ्यायला हवी. तिथे ऊब असते, म्हणजे एका नियमाने पाहिले तर ती वाईट जागा. पण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. भर पावसातही रोज दोन वेळा चूल पेटली की वरचे बी दोन वेळा कोरडे होत असे. धुरामुळे किडे दूर राहत. राख ओलावा ओढून घेई आणि दाण्यांमधल्या फटी भरून भुंग्याची वाट अडवी. थंडावा मिळत नाही म्हणून कोरडेपणा साधायचा, असा तो व्यवहार होता. इथल्या हवेत तोच शहाणपणाचा.

आता घरोघरी गॅस आला. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर पाड्यांवरही पुष्कळ ठिकाणी आला. आईच्या डोळ्यांतले पाणी थांबले, छातीतला धूर गेला. ही फार चांगली गोष्ट झाली आणि चूल परत आणा असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. पण चूल गेली तेव्हा तिच्या वरचे वाळवणही गेले, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मडके राहिले, भोपळा राहिला, खालचा विस्तव गेला. नुसते मातीचे मडके हवा आत-बाहेर सोडते. हिवाळ्यात ते कोरडे असते, श्रावणात ते बाहेरच्या इतकेच दमट.

अलीकडे 'देशी बियाणे' हा आवडीचा विषय झाला आहे. प्रदर्शनांत रंगवलेल्या मडक्यांत बिया मांडतात, त्यावर सुंदर वारली चित्रे असतात, आपण कौतुक करतो. आम्हीही करतो. पण एकदा तरी विचारावे, यातल्या शंभर दाण्यांपैकी किती उगवतील? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बियांच्या पुड्या वाण म्हणून देण्याची पद्धतही चांगली आहे, प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा तर फारच. मात्र जानेवारीतली पुडी जूनमध्ये पेरायची असते. मधला एप्रिल-मे ती टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजच्या गरम माथ्यावर काढते. वाण देणाऱ्या भगिनींनी पुडीवर बीचे नाव आणि काढणीचा महिना लिहावा, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा असे एक वाक्य लिहावे. एवढे केले तरी पुष्कळ होईल.

इथे अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी भगिनीने भाज्या, कडधान्ये, भात यांची गावरान बियाणी जमवली, जपली आणि वाटली. बाएफ या संस्थेची साथ तिला मिळाली. 2018 साली बीबीसीने जगातल्या शंभर महिलांत तिचे नाव घेतले, 2020 साली तिला पद्मश्री जाहीर झाली. लोक तिची मडकी पाहायला जातात. आमच्या मते पाहण्यासारखी खरी गोष्ट दुसरीच आहे. तिथले बी मडक्यात पडून राहत नाही. ते दर हंगामात जमिनीत जाते, नवे होऊन परत येते, दुसऱ्याच्या घरी जाते. मडक्याला फक्त एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचे अंतर सांभाळायचे असते. खेड्यातली बियाणे बँक अशीच चालते. वर्षानुवर्षे न पेरता बी ठेवायचे असेल तर त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोशासारखे किंवा 2008 साली नॉर्वेने स्वालबार्ड बेटावर उघडलेल्या तिजोरीसारखे उणे 18 अंश लागतात. आपल्याकडे दोन्हीपैकी काही नाही. दर वर्षी सगळे पेरायला जमीनही नाही. तेव्हा आपल्याला दोन-तीन वर्षांचे अंतर सांभाळता आले पाहिजे, आणि तेवढे नक्की जमण्यासारखे आहे.

कसे, ते सांगतो. बी पक्के झाल्यावर काढावे. काकडी, वांगे खाण्याच्या अवस्थेत काढलेले असेल तर त्याचे बी कच्चे, ते कशातही ठेवले तरी टिकणार नाही. धुऊन सुपात किंवा कापडावर पसरावे. सकाळचे ऊन द्यावे, दुपारी सावलीत घ्यावे. पत्र्यावर किंवा गच्चीच्या लादीवर टाकू नये. तापमान चाळिशीच्या वर गेले तर ओल्या बियाला भाजल्यासारखे होते. वाळवणाला आपल्याकडचे उत्तम दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यामुळे पावसाळी भाजीचे बी दिवाळीनंतर काढले असेल, तर ते लगेच बंद करण्याची घाई नको.

नंतर काचेची बाटली. लोणच्याची किंवा कॉफीची, रबरी कडा असलेल्या झाकणाची. तळाशी ओलावा शोषणारे काहीतरी हवे. आपल्यातील अनेक पालक खडोली आणि परिसरातल्या कारखान्यांत आहेत. मालाच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या का टाकतात हे त्यांना ठाऊकच आहे. ती पुडी कचऱ्यात न टाकता घरी आणा. रंग बदलणारी निळी मात्र नको, तिच्यातला क्षार मुलांच्या हाती पडू नये. तेही नसेल तर तांदूळ कढईत मंद आचेवर चांगले भाजा, बंद डब्यात गार होऊ द्या, आणि बाटलीत एक तृतीयांश भरा. वर बियांच्या कागदी पुड्या. दोन आठवड्यांनी तांदूळ बदला. भाजलेले तांदूळ हवेतला ओलावा कसा ओढतात, हे पावसाळ्यात मिठात तांदूळ टाकणाऱ्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे.

अशी कोरडी, बंद बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर सोन्याहून पिवळे. पण क्रम चुकवू नये. आधी कोरडे, मग बंद, मग थंड. ओले बी कागदाच्या पुडीत घालून फ्रिजमध्ये टाकले तर त्याचा उपयोग नाही, कारण फ्रिजमधली हवाही दमटच असते. आणि बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. थंड बियावर दव धरते आणि वर्षभराची मेहनत अर्ध्या तासात वाया जाते. रात्री बाहेर ठेवावी, सकाळी उघडावी.

जाता जाता एक अपवाद विद्यार्थ्यांसाठी. सगळ्याच बिया वाळवून टिकत नाहीत. आंबा, फणस, जांभूळ यांची बी वाळली की मरते. ती ओलीच लावावी लागते. चवचव हे तर अख्खे फळच लावतात. बाटलीत फणसाची आठळी ठेवून वाट पाहत बसू नका.

बाजारच्या पाकिटांबद्दलही दोन शब्द. 1966 च्या बियाणे कायद्यानुसार पाकिटावर उगवणीचा किमान टक्का आणि चाचणीची तारीख लिहिलेली असते. भेंडीला किमान 65, मिरचीला 60, कांदा-टोमॅटो-वांग्याला 70 टक्के उगवण अपेक्षित असते. चाचणीपासून नऊ महिने ते लेबल ग्राह्य. किंमत पाहण्याआधी ही तारीख पाहा. आणि गुलाबी, निळे, हिरवे रंगवलेले बी औषध लावलेले असते. ते खाण्याच्या डब्यांजवळ ठेवू नका, मुलांकडून हाताळून घेतले तर हात धुवायला लावा.

इथे काही पालक म्हणतील, वीस-तीस रुपयांत पाकीट मिळते, एवढा खटाटोप कशाला? संकरित टोमॅटो लावायचा असेल तर खरोखरच कशाला! त्याचे बी धरून पुढच्या पिढीत तसेच फळ येत नाही, ते दर वर्षी विकतच घ्यावे. आमचा बाजारावर राग नाही. पण गावच्या घरामागचे पडवळ, आजोळचा वाल, काकूने मूठभर दिलेली गवार यांचे पाकीट कुठल्या दुकानात मिळणार? जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे निदान त्याची कुठे नोंद तरी आहे. आपल्या पुड्यांतल्या बहुतेक वाणांना नावही नाही. आधीच्या पिढीचे गावी जाणे-येणे होते. एका वर्षी बी मेले तर पुढच्या मे महिन्यात दुसरे येई. आता अनेकांची गावची घरे बंद झाली. कुणाच्या भावाने जमीन विकली, कुणाच्या वहिनीनेही पाकीटच आणायला सुरुवात केली. तेव्हा फळीवरची पुडी ही कदाचित शेवटची पुडी असेल, आणि ती या पावसाळ्यात मरेल.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची एक मागणी आहे. शाळेच्या बागेसाठी नवे वाफे, नवी कुंपणे यांचा विचार चालतो तेव्हा आधी एक बियाणे कपाट करावे. खर्च फार नाही. घट्ट झाकणाच्या शंभर बाटल्या, आर्द्रता दाखवणारे एक लहान उपकरण, प्रयोगशाळेत असतोच तो तराजू, आणि कुणी देणगी दिल्यास एक जुना पण चालू फ्रिज. जागा मात्र विचारपूर्वक द्यावी. पत्र्याच्या छपराखालची सामानाची खोली नको. स्लॅबखालची, उत्तरेकडची, पश्चिमेचे ऊन न लागणारी खोली हवी. जागेची ही अट पाळता येत नसेल तर कपाट करूच नये, असे आम्ही स्पष्टच म्हणतो. मेलेल्या बियांचे सुंदर कपाट करण्यात अर्थ नाही.

आणि बाटल्यांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक बियाचे इथले नाव, कुठून आले, कुणी दिले, केव्हा काढले, आणि दर वर्षी किती उगवले. हे शेवटचे काम विद्यार्थ्यांचे. मे अखेरीस सुट्टी असते, म्हणून चाचणी मार्चमध्येच उरकावी. प्रत्येक वाणाचे 50 दाणे मोजून ओल्या जाड कागदावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून पिशवीत उभी ठेवायची, कागद वाळू द्यायचा नाही. चवळी-काकडीचा निकाल आठ दिवसांत लागतो, कांद्याला बारा, वांगी-टोमॅटो-मिरचीला चौदा. भेंडीला धीर धरावा लागतो. तिचे काही दाणे कठीण टरफलाचे असतात, ते मेलेले नसतात, म्हणून आदल्या रात्री भिजवावेत. कारल्याचे ताजे बीही कधीकधी असेच अडून बसते.

मोजताना फक्त किती उगवले एवढेच लिहू नये, केव्हा उगवले तेही लिहावे. बी मरायच्या आधी थकते. शंभरातले ऐंशी उगवतात, पण चौथ्या दिवसाऐवजी नवव्या दिवशी, आणि कोंब बारीक, वाकडे. कागदावर असे बी उत्तीर्ण होते. जूनच्या चिखलात त्यातले निम्मेही वर येत नाही. वहीत हा उशीर दिसला की त्या वर्षी ते वाण पेरून नवे बी धरायचे, नुसते ठेवून द्यायचे नाही. टक्का पन्नासच्या खाली आला असेल तर दुप्पट दाट पेरायचे, पण पेरायचेच.

कपाट होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी आजच घरातली जुनी पुडी शोधावी आणि तिच्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. सहा-सात उगवले तर बाकीचे वाळवून बाटलीत घालावे. दोन-तीनच उगवले तर येत्या पावसाळ्यात सगळे पेरून टाकावे, एकही दाणा मागे ठेवू नये. त्यातून एक वेल जरी धरला, तरी त्याचे पहिले फळ भाजीसाठी न तोडता बियासाठी वेलावर राखावे. एकही उगवला नाही तर बी कुठून आणले होते ते आठवून त्या घरी फोन करावा, त्यांच्याकडे अजून असेल.